ताडामाडांचा गोतावळा

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. डहाणूच्या नदीवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचे त्यात कोरले आहे आणि नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडे दान दिल्याचेही. हे नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावर झाडे मोजली जात होती. झाडांभोवती माणसे जमणे तेव्हापासून थांबलेले नाही. जमणारी माणसे मात्र बदलत गेली.

सर्वांत जुना गोतावळा चढणाऱ्यांचा: किनाऱ्यावर भंडारी, आत डोंगरपट्ट्यात आदिवासी. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. मादीला ताडगोळे लागतात, उन्हाळ्यात पालघर-बोईसरच्या रस्त्यांवर पाटीत दिसतात तेच. नराच्या फुलोऱ्याचे टोक सकाळ-संध्याकाळ कागदासारखे पातळ तासायचे, खाली मडके बांधायचे. मडक्याला आतून चुना लावला तर सकाळी नीरा उतरते. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत तिची ताडी होते. तासताना हात जड पडला की फुलोरा वाया जातो. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, झाडावरच जायचे.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावर कर बसला, परवाना आला. १९४९च्या दारूबंदी कायद्याने ताडीवरचे बंधन आणखी आवळले. याच रसातून गूळ करण्याचा मार्ग गांधीविचारांच्या कार्यकर्त्यांनी काढला. गजानन नाईक यांनी ताडगुळाला आयुष्य वाहिले. खादी ग्रामोद्योग आयोगाचे डहाणूचे प्रशिक्षण केंद्र आज त्यांच्या नावाने आहे. या भागातल्या ताडवेड्यांमध्ये मला सर्वांत मोठे तेच वाटतात, कारण झाडाइतकाच त्यांनी चढणाऱ्याच्या पोटाचा विचार केला.

मग बागायतदार आले. १९८१ साली स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाचे रोपनिर्मिती क्षेत्र पालघरजवळच्या दापोलीत, सातपाटीच्या वाटेवर आहे. इथल्या वाडीवाल्यांच्या बोलण्यात बाणवली, प्रताप या नारळाच्या जाती, संकरित रोपे आणि गेंडा भुंगा व सोंड्या हे दोन वैरी किडे असतात. केळवे-माहीमच्या वाड्यांत पोफळी आणि पानवेलीही याच बोलण्यात येतात.

आता बंगले आणि रिसॉर्टसाठी बॉटल पाम, फॉक्सटेल पाम मागणाऱ्यांची भर पडली आहे. अमेरिकेत अशा हौशींनी १९५६ सालीच पाम सोसायटी काढली, जगभरचे बी एकमेकांना पाठवले. हौस चांगलीच; तिच्यामुळे दुर्मीळ जाती टिकतात. पण या नव्या मंडळींचा झाडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेकऱ्याशी संबंध उरत नाही, ही गोष्ट मला खुपते.

चढणाऱ्यांनाही दुसरी वाट खुली झाली: तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. ठरलेल्या तारखेला पगार देणारे काम मिळत असताना तरुणाने विम्याविना उंच झाडावर का चढावे? नारळ विकास मंडळाने २०११पासून शिडीयंत्राने नारळावर चढण्याचे प्रशिक्षण आणि त्यासोबत विमा सुरू केला, हे योग्यच झाले. ताडावर चढणाऱ्यालाही तेच संरक्षण हवे आणि फुलोरा तासायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना मानधन हवे. आज लावलेला ताड फुलायला बारा-पंधरा वर्षे घेईल. फुलोरा तासायला शिकवू शकणारे हात तोवर थांबणार नाहीत.