धूसर चित्रांतून नेमका आकार

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सहज दिसतात. पण त्या पेशीत कामे करणारी प्रथिने दिसत नाहीत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, तर प्रथिनांचे समूह १०-२० नॅनोमीटरचे. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या लाखपटीहून लहान असते. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला की झाले, असे वाटेल.

अडचण येते ती पाण्याची. प्रथिनाचा आकार पाण्यात टिकतो. सूक्ष्मदर्शकात मात्र निर्वात असतो आणि तेथे पाणी उडून जाते. गोठवावे तर बर्फाचे स्फटिक चित्र बिघडवतात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जाक द्युबोशे यांच्या गटाने यावर तोड काढली. पाण्याचा अतिशय पातळ थर इतक्या झटकन थंड करायचा, की रेणूंना स्फटिकाच्या रांगेत उभे राहायला वेळच मिळू नये. असे पाणी काचेसारखे घट्ट होते. त्यासाठी थर सुमारे उणे १८० अंश सेल्सिअसच्या द्रव ईथेनमध्ये बुडवतात. द्रव नायट्रोजन तर याहून थंड. मग तोच का नको? तापलेल्या तव्यावर नाचणारा पाण्याचा थेंब आठवा. वाफेच्या गादीमुळे त्याला तव्याची उष्णता लवकर पोचत नाही. नायट्रोजनही वस्तूभोवती उकळून वायूचे असेच पांघरूण घालतो आणि थंड होण्याचा वेग मंदावतो.

दुसरी अडचण अशी, की इलेक्ट्रॉनांचा मारा प्रथिनाला मोडतो. मारा कमी ठेवला, तर जुन्या टी.व्ही.वर मुंग्या येत तसे चित्र मिळते. येथे सरासरी कामी येते. एकाच टेबलाची लांबी चाळीस मुलांनी मोजली, तर सरासरी बहुतेक एकट्याच्या मापापेक्षा अचूक निघते. तसेच एकाच प्रकारच्या रेणूंची १०० चित्रे नीट जुळवून सरासरी काढली, की खरखर दहापट कमी होते. अशी चित्रे गटवार लावून त्यांतून त्रिमिती आकार उभा करण्याच्या पद्धती योआखिम फ्रँक यांनी विकसित केल्या. १९९० मध्ये रिचर्ड हेंडरसन यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एका प्रथिनाची अणूंच्या पातळीवरील रचना मांडली. या तिघांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तंत्राचे मोल २०२० मध्ये सर्वांना कळले. नव्या करोना विषाणूची जनुकीय माहिती जानेवारीत जाहीर झाली; फेब्रुवारीत त्याच्या काट्याची, म्हणजे तीन सारख्या साखळ्यांच्या प्रथिनसमूहाची, रचना प्रसिद्धही झाली. पेशीला पकडणारा त्याचा एक भाग वर उचललेला दिसला.

पण सरासरी फसवूही शकते. हेंडरसन यांनी २०१३ मध्ये याकडे लक्ष वेधले. निव्वळ खरखर असलेली हजार चित्रे आइनस्टाइनच्या छायाचित्राशी जुळवून त्यांची सरासरी काढली, तर आइनस्टाइनच उमटतो! चित्रांत तो मुळी नसतोच. तो आपल्या अपेक्षेत असतो. म्हणून आम्ही संशोधक चित्रांचे दोन गट करतो, दोन्हींतून स्वतंत्रपणे आकार काढतो आणि मग ते ताडून पाहतो. दोन्हींत जे जुळते, तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा.

प्रयोगवहीत 'यायला हवे' ते उत्तर आधी लिहून मागाहून निरीक्षणे भरणाऱ्या विद्यार्थ्यांना ही आइनस्टाइनची गोष्ट जरूर सांगावी.