एफडीच्या व्याजातून पैसे कापले? आधी हे शब्द समजून घ्या



आज फवारणीचा नाही, पैशाचा सल्ला. आपल्या एका सभासद काकांनी द्राक्षाच्या पैशातून 8 लाखांची एफडी केली. 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज झालं 56,000 रुपये, त्यातून बँकेने 5,600 कापले. काका म्हणाले, "शेतीला टॅक्स नाही ना, मग कापले कसे?"

*शेती उत्पन्न:* शेतात पिकवलेला माल विकून झालेलं उत्पन्न. आयकर कायद्यानुसार ते करमुक्त आहे. पण त्याच पैशाच्या एफडीचं व्याज शेती उत्पन्नात धरत नाहीत. दुधाचा आणि कोंबड्यांचा नफाही त्यात येत नाही.

*टीडीएस:* व्याज देतानाच बँक कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारकडे भरते ती रक्कम. 2025-26 या आर्थिक वर्षात (1 एप्रिल ते 31 मार्च) एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून व्याज 50,000 च्या वर गेलं, तर 10 टक्के कापतात. 60 वर्षांवरच्यांना ही मर्यादा 1 लाख. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी जोडलेला नसेल तर 20 टक्के! काकांचे मग 11,200 गेले असते.

*फॉर्म 15जी (2025-26 साठी):* शेती सोडून बाकीचं उत्पन्न (व्याज, दूध, भाडं सगळं धरून) 4 लाखांच्या आत असेल, तर हा फॉर्म बँकेत द्या. टीडीएस कापला जात नाही. 60 वर्षांवरच्यांना फॉर्म 15एच. दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, म्हणून एप्रिलमध्येच द्या. उत्पन्न जास्त असताना खोटा भरू नका, तो गुन्हा आहे.

*रिटर्न आणि रिफंड:* पैसे कापले गेलेच असतील तर ते बुडाले असं नाही. टॅक्स शून्य बसत असेल तर रिटर्न भरा, पैसे खात्यात परत येतात. त्यालाच रिफंड म्हणतात. रिटर्न भरला नाही तर मात्र पैसे तिकडेच राहतात. कापलेली रक्कम तुमच्या नावावर दिसते का, ते फॉर्म 26एएस मध्ये बघा.

लक्षात ठेवा: टीडीएस कापला म्हणजे टॅक्स लागलाच असं नाही, आणि कापला नाही म्हणजे टॅक्स माफ असंही नाही.

*या आठवड्यात करा:* पासबुक, पॅन, आधार घेऊन बँकेत जा. पॅन जोडलेलं आहे का विचारा, बसत असेल तर टीडीएस न कापण्याचा फॉर्म द्या. "रिफंड आलाय" म्हणून लिंक आली तर दाबू नका, ओटीपी कुणालाच सांगू नका.

फॉर्म भरताना अडलं तर कंपनीच्या ऑफिसात या, मिळून बघू.

– तुमचा कृषी सल्लागार