जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पर्यटन

जळगाव आणि धुळे हे महाराष्ट्राच्या उत्तर भागातील, तापी नदीच्या खोऱ्यातील दोन जिल्हे आहेत. पूर्वीच्या एकत्रित खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली विभाजन होऊन पूर्व खानदेश (मुख्यालय जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्यालय धुळे) असे दोन जिल्हे निर्माण झाले. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. त्यामुळे तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार आता त्या जिल्ह्यात मोडतात.

पर्यटकांमध्ये या दोन्ही शहरांची ख्याती कंटाळवाणी अशीच आहे. जळगाव हे अजिंठ्यासाठी उतरण्याचे स्थानक आणि धुळे हे मुंबई–आग्रा महामार्गावरील जेवणाचा थांबा, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तिला कारणेही आहेत. दोन्ही शहरे व्यापारातून व प्रशासनातून वाढली. तेथे समुद्रकिनारा, राजवाडा वा मोठे तीर्थक्षेत्र नाही. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते, आणि उन्हाळी सुट्टीत येणारा प्रवासी नेमका याच काळात येतो. येथील पाहण्याजोग्या जागा एकमेकींपासून दूर असून त्यांतील काही ग्रंथालये, हस्तलिखितसंग्रह व जुनी घरे या स्वरूपाच्या आहेत. त्यांचे महत्त्व आधी काही माहिती असल्याशिवाय लक्षात येत नाही.

अजिंठ्याशी संबंध

अजिंठा लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. मात्र ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ती १८१९ मध्ये पडली आणि १९८३ मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ हे गाव ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्यांच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून, तर कंबोडियातील सिएम रीप हे शहर अंकोरच्या मंदिरांच्या आधाराने भरभराटीस आले. जळगावच्या बाबतीत तसे घडले नाही. लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूर येथे राहण्याची सोय आहे, छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येते, आणि जळगावला उतरलेला प्रवासी बहुधा संध्याकाळच्या गाडीने निघून जातो.

या संबंधाची एक खूण भुसावळात आहे. रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविल्या. त्यांतील बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. त्यानंतरही गिल अजिंठ्याच्या परिसरातच काम करीत राहिला. १८७९ मध्ये भुसावळ येथे त्याचा मृत्यू झाला व तेथेच त्याचे दफन झाले. जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

जळगाव व परिसर

जळगाव शहर सोन्याच्या बाजारपेठेसाठी, तर जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे. शहरालगतच्या जैन हिल्स परिसरातील गांधीतीर्थ या संग्रहालयाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर असोदा हे गाव जळगावपासून जवळ आहे. त्यांच्या कवितेतील शेत, जाते व विहीर पाहू इच्छिणाऱ्याने तेथे जावे. स्मारकापेक्षा भोवतालचे शिवार अधिक बोलके आहे. यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती.

अमळनेर येथे साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रही याच गावात आहे. आज संगणक क्षेत्रात नावाजलेल्या विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये येथेच वनस्पती तेलाच्या कारखान्याने झाली. तापी–पूर्णा संगमावरील चांगदेवाचे मंदिर, मुक्ताईनगर, एरंडोल तालुक्यातील पद्मालय आणि सातपुड्यातील पाल ही जिल्ह्यातील इतर प्रमुख ठिकाणे होत.

चाळीसगाव

दोन्ही जिल्ह्यांत सवडीने पाहावा असा तालुका चाळीसगावचा आहे. गावापासून सुमारे १८ किलोमीटरवरील पाटणादेवी हे गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची व निकुंभ घराण्याने त्यास दान दिल्याची नोंद आहे. हा चांगदेव आणि तापीकाठचे योगी चांगदेव भिन्न होत. भास्कराचार्यांचे विज्जलविड हे गाव याच परिसरात होते, असे काही अभ्यासक मानतात; त्याबाबत एकमत नाही.

चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे घर आहे. आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे ते या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर लहान वस्तू मांडून, प्रकाशयोजनेच्या बळावर विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण करणारी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. गाडीने येण्याचे वचन दिलेल्या प्रेयसीची ते जन्मभर वाट पाहत राहिले, अशी कथा सांगितली जाते. प्रेक्षक बहुधा ही कथा ऐकून येतात. परंतु तेथील छायाचित्रे, चित्रे व शिल्पे या कथेविनाही पाहण्यासारखी आहेत.

धुळे

इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास खानदेशचे मुख्यालय केले. जुन्या शहरातील सरळ गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथे निधन झाले. गावोगाव पायी हिंडून त्यांनी जमविलेली दप्तरे व कागदपत्रे विखुरली जाऊ नयेत म्हणून १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. मंडळाकडे वस्तुसंग्रहालयही आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते असून, समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी रामायणाची प्रत त्यांत आहे. या संस्था मुख्यत्वे अभ्यासकांसाठी चालतात. वेळ आधी ठरवून जाणे सोयीचे ठरते.

पांझरेच्या काठी एकवीरा देवीचे मंदिर आहे. शहराच्या दक्षिणेस महामार्गालगत लळिंगचा किल्ला असून तो गाडीच्या खिडकीतूनच पाहिला जातो. उत्तरेकडील सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. तापीकाठच्या थाळनेर येथे फारुकी सुलतानांच्या कबरी, तर साक्री तालुक्यातील बळसाणे येथे प्राचीन मंदिरसमूह आहे.

खाद्यपदार्थ व ऋतू

हिवाळ्यात कपाशीच्या वा तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत शेतात पंगती बसवून खाल्ले जाते. जळगावच्या भरताच्या वांग्यास व केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि उपड्या खापरावर भाजलेले मांडे हे अन्य खास पदार्थ होत. चांगले मांडे व भरीत बाजारापेक्षा घरी मिळतात, ही पर्यटकाची अडचणच म्हणावी लागेल.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा प्रवासास योग्य काळ होय. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे रविवारी रात्री जळगावला उतरणाऱ्यास असोदा, फैजपूर व चांगदेव यांसाठी एक दिवस आयताच मिळतो.