व्यायामशक्तीची परीक्षा : बॉबी गिब

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेत व्यायामशक्तीचाही अंतर्भाव आहे. ती कर्मशक्तीवरून, म्हणजे प्रत्यक्ष श्रम करण्याच्या क्षमतेवरून, जाणावी असा आचार्यांचा निर्देश आहे. हे सूत्र आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केले. सन १९६६ मध्ये अमेरिकेत एका तरुणीच्या बाबतीत नेमक्या याच परीक्षेला फाटा देण्यात आला. तिची हकिकत वैद्यवर्गाने अवश्य जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

बॉबी गिब हिचा जन्म १९४२ चा. बालपण बॉस्टनजवळच्या विंचेस्टर गावी गेले. १९६४ मध्ये वडिलांसमवेत तिने बॉस्टन मॅरेथॉन पाहिली आणि आपणही धावायचे असे मनाशी ठरविले. मार्गदर्शक कोणी नव्हता. स्त्रियांसाठी धावण्याचे बूटही मिळत नसत. परिचारिका वापरीत तसले चामड्याचे बूट घालून ती धावे. रोज थोडे अधिक, असे अंतर वाढवीत दोन वर्षे तिने अभ्यास केला. श्रम सात्म्य होतात ते याच क्रमाने.

१९६६ च्या आरंभी तिने स्पर्धेचा अर्ज मागविला. संचालक विल क्लोनी यांचे उत्तर आले, की इतके अंतर धावण्यास स्त्रियांचे शरीर समर्थच नसते आणि दीड मैलाहून लांब शर्यतीस नियमांची परवानगीही नाही. नाडी पाहिली नाही, देह पाहिला नाही, सराव विचारला नाही. केवळ स्त्री म्हणून निदान झाले! मात्र दोष एकट्या संचालकांस देणे न्याय्य होणार नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर स्त्रियांची ८०० मीटरची शर्यतसुद्धा १९६० पर्यंत बंद होती, आणि त्यामागे वैद्यकीय मताचाच आधार घेतला जाई. आम्हीही कबूल करतो, की 'मुलीच्या जातीला इतके श्रम सोसणार नाहीत' असे वाक्य आमच्याही तोंडून, काहीही न तपासता, निघून गेले आहे.

सॅन डिएगोहून अनेक दिवसांचा बसप्रवास करून बॉबी शर्यतीच्या आदल्या दिवशी माहेरी पोहोचली. वडिलांचा विरोध होता. आईने मात्र दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिल रोजी, तिला हॉपकिंटनला नेऊन सोडले. भावाची अर्धी विजार आणि टोपीचा सदरा घालून ती झुडपांत दडून बसली व निम्मे धावपटू पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळली. ही स्त्री आहे हे शेजारच्या पुरुषांनी ओळखले, पण हाकलणे तर दूरच, त्यांनी तिला धीर दिला.

आता आपल्या विषयाकडे येऊ. आदल्या रात्री तिने मांसाचे भरपेट गुरू भोजन केले होते. धावताना पाणी प्यायल्यास पेटके येतात अशा समजुतीने ती वाटेत पाण्याचा थेंबही प्यायली नाही. त्यातच बूट नवे! शेवटच्या काही मैलांत तृष्णा आणि तळपायांचे फोड यांनी तिची गती मंदावली. अतिव्यायामाच्या उपद्रवांत वाग्भटांनी तृष्णा सांगितलीच आहे. अर्धशक्तीचा नियम येथे पाळला गेला नाही हे खरे. परंतु तो नियम सांगताना आचार्यांनी बल आणि स्निग्ध आहार यांच्या अटी घातल्या, लिंगाची नाही. ४२.१९५ किलोमीटर अंतर तिने ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत पुरे केले आणि सुमारे दोन तृतीयांश पुरुषांना मागे टाकले. शेवटच्या रेषेवर राज्याचे गव्हर्नर जॉन व्होल्पी यांनी तिच्याशी हस्तांदोलन केले.

१९६७ आणि १९६८ मध्येही ती पुन्हा धावली व दोन्ही वेळा स्त्रियांत पहिली आली. १९६७ मध्ये नोंदणीकृत क्रमांक लावून धावलेल्या कॅथरीन स्वित्झर यांचे छायाचित्र जगभर गाजले. बॉबी मात्र विस्मृतीत गेली. बॉस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये सुरू झाली, आणि बॉबीच्या तिन्ही विजयांना संयोजकांची मान्यता मिळण्यास १९९६ साल उजाडले.

मधल्या काळात तिने कायद्याची पदवी घेतली, मेंदूविज्ञानाच्या संशोधनात भाग घेतला आणि शिल्पकलाही जोपासली. ज्या हॉपकिंटनच्या झुडपांत ती दडली होती, त्याच गावी २०२१ मध्ये धावत्या मुलीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तो तिने स्वतःच घडविला आहे.