हवा मानवली नाही

आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास येतं: त्यांना अमेरिकेची हवा मानवली नाही. मोठं सोयीचं वाक्य. हवेला कोण जाब विचारणार?

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, धाप हे सगळं तेव्हाच मागे लागलेलं. फिलाडेल्फियात त्यात थंडीची आणि परक्या अन्नाची भर पडली. मार्च १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी हातात आली. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं त्या गेल्या. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावरचं औषध यायला अजून साठ वर्षं होती.

आज औषध आहे. तरी ‘हवा’ हा शब्द काही सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्या उन्हात त्वचेला पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आणि एरवीही सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. म्हणून तिथली आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांना, आणि सावळ्या लोकांना वर्षभर, रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. तिथं शिकायला गेलेल्या आपल्या मुलीचं अंग दुखतं, पाय ओढतात, आणि इकडे आई म्हणते, “घरची आठवण येत असेल गं.” येतेच. पण हिमोग्लोबिन मुळातच कमी असेल आणि वसतिगृहात पावावर दिवस निघत असतील, तर दमणूक काही नुसत्या आठवणीची नसते.

क्षयाचंही तसंच. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयाची तपासणी लागते. पण छातीच्या एक्स-रेत शरीरात झोपलेला जंतू दिसत नाही. तो पुढे कधीतरी, प्रतिकारशक्ती खालावली की, उठू शकतो. तीन आठवडे हटत नसलेला खोकला, रात्रीचा घाम, उतरणारं वजन हे सगळं परीक्षेच्या ताणावर ढकलणं सोपं जातं. व्हिडिओ कॉलवर वजन कळत नाही. “मी मजेत आहे” तेवढं ऐकू येतं.

आनंदीबाईंच्याच काळातल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. थंडी तिथंही होतीच. त्या १९५५ पर्यंत जगल्या.

व्हिसाबरोबर विद्यार्थिनी सध्या वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार भरते. एवढे पैसे भरूनही जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं राहून जातं, आणि ते आठवतं थेट ताप चढल्यावर. बॅगेत मेतकूट, भाजणी आठवणीनं भरलेली असते. रक्ताचे रिपोर्ट इकडेच कपाटात.