दोनशे कोटींत एक

सुरगाण्याच्या डोंगरउतारावरचा एखादा पाझर तलाव डोळ्यांसमोर आणा. हेक्टरभर, म्हणजे अडीच एकरांचा, सरासरी दोन मीटर खोल. त्यात पाणी मावतं २० हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर. आता त्यात रॉडनं एक ल्युअर फेका. बोटभर लांबीचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. त्याचं स्वतःचं आकारमान जेमतेम १० मिलिलिटर. दोन कोटी लिटरांत दहा मिलिलिटर म्हणजे २०० कोटी भागांत एक भाग. अख्ख्या भारताच्या लोकसंख्येहून मोठ्या गर्दीत एकच माणूस शोधावा, तसं हे काम. तरीही पाणवेलींच्या सावलीत दबा धरून बसलेली मरळ नेमकी त्या एका भागाकडे वळते आणि झडप घालते.

ल्युअर निवडण्याची सगळी विद्या या आकड्यात दडली आहे. दुकानात गेलं की आपण रंग बघतो, चकाकी बघतो, डोळे किती हुबेहूब रंगवलेत ते बघतो. ते आपल्या डोळ्यांना सुखावणारं असतं. पण मासा ज्या जगात राहतो तिथले आकडे वेगळे आहेत, आणि ल्युअर त्या आकड्यांना उतरला तरच त्याला अर्थ आहे.

आधी पाण्याचा आवाका बघू. अंबिका नदी याच सुरगाणा तालुक्यात, कोटंबी गावाजवळ उगम पावते, डांगच्या जंगलातून उतरते आणि १३६ किलोमीटर वाहून बिलिमोऱ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. नार आणि पारही इथल्याच डोंगरांतल्या, त्याही पश्चिमेलाच धावणाऱ्या. नाशिक जिल्हा म्हटलं की आपल्या मनात गोदावरी आणि बंगालचा उपसागर येतो, सुरगाण्याचं पाणी मात्र उलट्या दिशेला जातं. अंबिकेचं खोरं २,७१५ चौरस किलोमीटरचं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला की १० लाख लिटर पाणी होतं. आषाढातल्या एखाद्या दिवशी या सगळ्या खोऱ्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आभाळातून उतरलेलं पाणी २७ हजार कोटी लिटरांच्या वर जातं. धरणांच्या भाषेत साडेनऊ टीएमसी. नाशिक शहराची तहान भागवणाऱ्या गंगापूर धरणाचा साठा साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे त्या एका दिवसात जवळपास पावणेदोन गंगापूर धरणं रिती झाली. त्यातलं बरंचसं जमीन पिते, भातखाचरं अडवतात, बाकीचं लाल माती घेऊन ओढ्यांतून धावत सुटतं.

अशा गढूळ पाण्यात स्वतःचा पसरलेला हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. तिथे सोनेरी खवले रंगवलेला महागडा ल्युअर टाकून काय उपयोग? माशाला तो रंग दिसणारच नाही. तो ल्युअरला ऐकेल, नाहीतर अंगावर अनुभवेल.

ऐकण्याचं गणित असं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५०० मीटर. ल्युअरच्या पोटात खुळखुळणाऱ्या छर्‍यांचा आवाज २० मीटरवरच्या माशापर्यंत पोचायला सेकंदाचा सत्तरावा भागसुद्धा लागत नाही. माशाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळची, त्यामुळे आवाज त्याच्या अंगातून आरपार जातो. त्याला बाहेरून दिसणारा कान लागत नाही, डोक्याच्या आतले कर्णखडे तो पकडतात.

दुसरी जाणीव त्याहून विलक्षण. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते, ती पार्श्वरेषा. तिच्यात पाण्याचा हलका धक्का टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. सेकंदाला शंभर-दोनशेपर्यंतची मंद कंपनं त्या ओळखतात, पण जवळूनच. साधारण शरीराच्या एक-दोन लांबी एवढीच त्यांची पोच. अर्ध्या मीटरची मरळ असेल तर तिच्याभोवती मीटरभराचं एक वर्तुळ. आता हिशेब मांडा. ल्युअर ३० मीटर लांब फेकला आणि ओढत आणला, तर त्याच्या वाटेभोवतीचं मीटरभर पाणी झालं सुमारे ९५ घनमीटर. आपल्या तलावातलं पाणी २० हजार घनमीटर. म्हणजे एका फेकीत तलावाचा अर्धा टक्काही चाळून होत नाही. अंदाधुंद फेकत राहिलं तर सगळं पाणी एकदा पालथं घालायला दोनशेहून जास्त फेकी लागतील, आणि तोवर मासा जागेवर थांबणार नाही. म्हणून जाणता गळकरी पाण्यात फेकत नाही, जागेवर फेकतो. बुडालेलं झाड, बांधाचा कोपरा, ओढा तलावात शिरतो ते तोंड, कमळाच्या पानांची कड. तलावाचा नव्वद टक्के भाग त्यानं आधीच मनातून वगळलेला असतो.

रंगाबद्दल लोक फार बोलतात, म्हणून तेही सांगतो. अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशावर इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी प्रयोग केले. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच जातींच्या निघाल्या, एक हिरव्याला जागणारी, दुसरी लालला. लाल आणि हिरवा त्याला छान ओळखता येतात, पण झगझगीत पिवळसर हिरवा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, गडद निळा आणि काळा यांतही होतो. पेटीत दहा छटा बाळगणाऱ्यानं यावर विचार करावा. शिवाय स्वच्छ पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो. मी म्हणेन की दोन रंग पुरेत. गढूळ पाण्यात काळा, कारण उजेडाविरुद्ध त्याची आकृती उठून दिसते. स्वच्छ पाण्यात चांदीचा किंवा तिथल्याच बारीक माशांसारखा.

आता झडप. शिकारी मासा भक्ष्य दातांनी पकडतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळ मासे ते ओढून घेतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, म्हणून तोंड आणि गालफडं एकदम फाकवली की पाण्याचा लोंढा आत शिरतो आणि त्याच्याबरोबर भक्ष्यही. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात होतं. बासच्या जातीत, आणि आपल्या खाड्यांतल्या जिताड्यातही, हेच तंत्र. माणसाला हाताला झटका जाणवून मनगट हलवायला निदान सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात मासा ल्युअर आत घेऊन, तो खोटा आहे हे ओळखून, थुंकूनही टाकू शकतो. त्यामुळे गळाचं टोक नखावर टेकवलं की रुतलं पाहिजे, घसरता कामा नये. बोथट गळ असेल तर ल्युअर किती का भारी असेना, उपयोग नाही. मरळीसाठी वापरतात तो पोकळ रबरी बेडूक मात्र उलटा वागतो. त्याचे दोन्ही गळ अंगाला चिकटून लपलेले असतात, म्हणून तो पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो. मरळीनं त्याला तोंडात धरून दाबलं तरच गळ उघडे पडतात. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप उडतो, आणि तिथेच मासा जातो. सुतळी ताणली जाऊन मरळीचं वजन जाणवेपर्यंत थांबायचं, मग उचलायचं.

या खोट्या माशांचा धंदा केवढा झाला आहे! फिनलंडमधले लाउरी रापाला हे गरीब मच्छीमार. शिकारी मासे थव्यातल्या धडधाकट माशांना सोडून लंगडत पोहणाऱ्या एकाच माशावर तुटून पडतात हे त्यांनी पाहिलं, आणि १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाला चॉकलेटची चांदी गुंडाळून लंगडत पोहणारा ल्युअर कोरला. १९६२ साली ‘लाइफ’ मासिकाच्या एका अंकात त्याच्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, अंक प्रचंड खपला आणि मागणीचा पूर लोटला. पुढे त्यांची कंपनी वर्षाला दोन कोटींच्या आसपास ल्युअर विकत असल्याचं सांगू लागली. सरासरी सात सेंटिमीटरचा धरला तर एका वर्षाचे ल्युअर शेपटीला नाक लावून मांडता येतील मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या रेल्वेमार्गावर. आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे, लंगडणारा मासा आधी मरतो.

विक्रमांचे आकडेही ऐकण्यासारखे आहेत. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी ल्युअरवर पकडलेला बास भरला २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या थोडा वर. तो मंदीचा काळ होता, मासा घरी नेऊन खाल्ला गेला. ७७ वर्षं त्या आकड्याला कुणी शिवलं नाही. २ जुलै २००९ रोजी जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना सापडलेला बास सुमारे २७ ग्रॅमनं जड निघाला. नियमानं विक्रम मोडायला दोन औंसांचा, म्हणजे ५७ ग्रॅमांचा फरक हवा. तीस ग्रॅम कमी पडले आणि दोघं आजही बरोबरीत आहेत. कुरितांचं आमिष जिवंत मासा होतं.

उत्तर अमेरिकेत मस्की नावाच्या माशाला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. एका फेकीला ३० मीटर धरा, दहा हजार फेकींत ल्युअर पाण्यातून ओढला जातो ३०० किलोमीटर. कोटंबीपासून समुद्रापर्यंत अंबिकेच्या काठानं जाऊन परत आलात, तरी २७२ किलोमीटरच होतात. रीलच्या दांडीच्या एका फेऱ्यात पाऊण मीटर सुतळी गुंडाळली जाते असं धरलं, तर मनगटानं चार लाख फेरे मारायचे. मरळ एवढा अंत पाहत नाही. ती हवेतला श्वास घेणारी, अधूनमधून तिला वर यावंच लागतं, आणि पाण्यावर उमटलेला तो बुडबुडा तिचा पत्ता सांगून जातो.

थंडीत मात्र सगळ्यांनीच हात आवरावा. मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांनी गार झालं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. सुरगाण्यातल्या पौषाच्या पहाटे मे महिन्याच्या वेगानं ल्युअर ओढणाऱ्याला मासे नाहीत असं वाटतं. मासे असतात, पण त्या वेगामागे धावणं त्यांना परवडत नाही. लहान ल्युअर, अर्धा वेग, मध्ये मध्ये थांबणं, आणि ऊन वर आल्यावर जाणं.

आता ज्या आकड्यांसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो. अंबिका जिथे समुद्राला मिळते तशा खाड्यांत जिताडा वाढतो. रायगडातल्या पेण-अलिबागच्या खारेपाटात त्याचं केवढं कौतुक असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. चेन्नईच्या एका केंद्रीय मत्स्यसंशोधन संस्थेनं १९९७ मध्ये बंदिस्त पाण्यात त्याची पैदास साधली, तेव्हापासून त्याची शेतीही वाढली. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, मीटरभराच्या जवळ पोचला की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा जवळजवळ नेहमी आईच असते. अशी थोराड मादी तीन कोटींच्या घरात अंडी घालते. अंडं पाऊण मिलिमीटरचं, सगळी ओळीत मांडली तर २२ किलोमीटर. त्यांच्याकडे आईबाप पुन्हा बघत नाहीत. जात आहे तेवढीच टिकायला त्यातली दोन जगली तरी पुरतात. दीड कोटींत एक.

मरळीचं गणित याच्या उलट. ती काही शे, फार तर काही हजार अंडी घालते, उथळ पाण्यात, भाताच्या खाचरातसुद्धा. एक-दोन दिवसांत ती फुटतात आणि लालसर नारिंगी पिल्लांचा दाट घोळका पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगू लागतो. खाली नर आणि मादी कित्येक आठवडे पहारा देतात. जवळ येईल त्याच्यावर धावून जातात, भुकेनं नव्हे, राखणीसाठी. ही गोष्ट गळकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. त्या लाल घोळक्यातून बेडूक ओढला की आईबापांपैकी एक हमखास झडप घालतं. याहून सोपी शिकार पावसाळ्यात दुसरी नाही. पण राखणदार बाहेर निघाला की बाकीचे मासे, खेकडे आणि बगळे हजारभर पिल्लांचा फडशा पाडतात. जिताड्याकडे कोट्यवधी अंड्यांची शिल्लक आहे, मरळीकडे फक्त पहारेकरी आहेत.

म्हणून आषाढ-श्रावणात सुरगाण्यात, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही तळ्याकाठी, पाण्यावर तो लाल घोळका दिसला तर ल्युअर पेटीत ठेवा आणि दुसरी जागा धरा. आणि चुकून राखण करणारी मरळ गळाला लागलीच, तर तिला लगेच, ओल्या हातांनी, त्याच जागी सोडा.