रुळांवरील पहारेकरी : रिले

गच्चीवरील टाकी भरताच पंप आपोआप बंद होतो. माणसाचा हात न लागता घडणाऱ्या अशा क्रियेस स्वयंचलन म्हणतात. अनेक स्वयंचलित यंत्रांत ‘रिले’ नावाचे एक साधे उपकरण काम करीत असते.

रिले म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारे बटण होय. त्यात मृदू लोखंडाच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह वाहू लागला, की गाभा चुंबक बनतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो. पट्टी हलताच दुसऱ्या परिपथाचे संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात किंवा विलग होतात. प्रवाह थांबताच चुंबकत्व नाहीसे होते व पट्टी मूळ जागी परतते. हे दोन्ही परिपथ परस्परांपासून अलग असतात. म्हणूनच अवघ्या 12 व्होल्टचा क्षीण प्रवाह 230 व्होल्टवर चालणाऱ्या पंपाचे नियंत्रण करू शकतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमारास रिलेची रचना केली. पुढे तारायंत्रात, लांबच्या अंतरामुळे क्षीण झालेला संदेश नव्या बॅटरीच्या बळावर पुढे धाडण्यासाठी तिचा उपयोग झाला. दमलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जोडण्याच्या जुन्या प्रवासपद्धतीवरून तिला हे नाव मिळाले.

रेल्वेमध्ये मात्र रिलेवर माणसांच्या प्राणांची जबाबदारी असते. 1872 मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत एका नव्या परिपथाचे पेटंट मिळवले. त्यात रुळांचा एक भाग दोन्ही टोकांस विद्युतरोधक सांध्यांनी अलग केलेला असतो. एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला रिले जोडलेली असते. मार्ग मोकळा असताना रुळांतून वाहणारा प्रवाह रिलेची पट्टी धरून ठेवतो. गाडी त्या भागात शिरताच तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात. प्रवाह त्या सोप्या वाटेने जातो, रिलेची पट्टी सुटते आणि सिग्नल तांबडा होतो.

या रचनेचे खरे शहाणपण पुढेच आहे. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ पूर्णपणे भंगला, तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल तांबडाच होतो. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे या रचनेमागील तत्त्व आहे.

तथापि, तारा जोडणारा हात माणसाचाच असतो. 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ झालेल्या अपघातात 290 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सिग्नल-परिपथात बदल करताना झालेल्या त्रुटी त्यास कारणीभूत असल्याचे चौकशीत आढळले. आज अनेक स्थानकांवर संगणकाधारित यंत्रणा आली आहे. तिच्या जोडीला रिले अजूनही आहे. यंत्र आपले काम चोख करते, पण त्याची जोडणी व तपासणी तितक्याच चोखपणे करणे हे माणसाचे कर्तव्य होय.